दुपारच्या वर्गापासून पेटंटच्या अभ्यासापर्यंत

मुले लहान असताना नोकरी सोडलेली स्त्री काही वर्षांनी पुन्हा अर्थार्जनाकडे वळते, तेव्हा तिच्यापुढे दोन निरनिराळे प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. मधल्या काळात आपल्या व्यवसायाचे जे ज्ञान जुने झाले ते नव्याने कसे मिळवायचे हा पहिला, आणि ते मिळवल्यावर कामाच्या ठिकाणी पुन्हा प्रवेश कोण व कोणत्या अटींवर देणार हा दुसरा. सार्वजनिक चर्चेत पहिल्याच प्रश्नावर भर असतो, आणि त्यामुळे एखादा अभ्यासक्रम पूर्ण केला, संगणकाची नवी प्रणाली शिकली, की वाट मोकळी होईल असा समज पसरतो. परंतु अर्थशास्त्रातील गेल्या पन्नास वर्षांचे संशोधन आणि महाराष्ट्रातील शतकाहून अधिक काळाचा स्त्रीशिक्षणाचा अनुभव शेजारी ठेवून पाहिला, तर दुसरा प्रश्नच अधिक अवघड असल्याचे दिसते. पुनःप्रशिक्षणाचे, म्हणजे आधीचे शिक्षण किंवा अनुभव असलेल्या व्यक्तीला खंडानंतर पुन्हा कामायोग्य करण्याचे, जे प्रयोग फळाला आले, त्यांनी विषय शिकवण्याबरोबरच वेळापत्रक, प्रवेशाची अट आणि कामाची घडण यांचीही फेरमांडणी केली होती.

खंडामुळे नेमके काय कमी होते, याचा पद्धतशीर विचार जेकब मिन्सर आणि सॉलोमन पोलाचेक या अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळतो. शिक्षण आणि अनुभव यांतून माणसाच्या अंगी येणारी उत्पादकक्षमता म्हणजे 'मानवी भांडवल' ही कल्पना त्यांनी आधाराला घेतली, आणि यंत्र न वापरता पडून राहिले की जसा त्याचा घसारा होतो तसा कामापासून दूर राहिलेल्या व्यक्तीच्या कौशल्याचाही होतो, असे मांडून अमेरिकन स्त्रियांच्या वेतनाच्या नोंदींवरून तो मोजण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या अंदाजानुसार हा घसारा सरासरीने वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास होता. या आकड्यावर पुढे बराच वाद झाला, आणि सर्व व्यवसायांना एकच दर लावणे योग्यही नव्हे. तरीही एवढ्याच दराने हिशेब केला, तर सात वर्षांच्या खंडानंतरही कमाईची क्षमता सुमारे एक दशांशाने घटते. प्रत्यक्षात परतणाऱ्या स्त्रियांना सोसावी लागणारी घट याहून कितीतरी मोठी असते, म्हणून तिचे कारण केवळ विसरलेल्या कौशल्यात शोधून पुरत नाही.

शिवाय कौशल्य सर्वत्र सारख्या गतीने जुने होत नाही. संगणकाची एखादी विशिष्ट भाषा किंवा करआकारणीचे नियम पाच वर्षांत पार बदलून जातात, उदाहरणार्थ २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर त्यापूर्वीच्या विक्रीकराच्या हिशेबाची सवय असलेल्या लेखापालांना सारेच नव्याने शिकावे लागले. याउलट वर्ग सांभाळण्याची हातोटी, रुग्णाची नाडी ओळखणारी नजर, मसुद्यातली चूक टिपण्याची सवय ही सावकाश झिजतात आणि थोड्या सरावाने परततात. परतणाऱ्या स्त्रीने अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी आपल्या व्यवसायातले नेमके काय बदलले आहे हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते, कारण अनेकदा बदललेला भाग लहान असतो आणि त्यासाठी दोन वर्षांची नवी पदवी घेणे हा वेळेचा व पैशाचा अपव्यय असतो.

मग उरलेली घट कोठून येते? अर्थशास्त्राचे २०२३ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांच्या संशोधनाने या प्रश्नाचे बरेच समाधानकारक उत्तर दिले आहे. मारिआन बर्ट्रांड आणि लॉरेन्स कॅट्झ यांच्यासह २०१० साली त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या व्यवस्थापन पदवीधरांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुरुवातीला स्त्री-पुरुषांची वेतने जवळजवळ सारखी होती आणि दहा-पंधरा वर्षांत त्यांच्यात मोठे अंतर पडले होते. या अंतराचा मोठा भाग कारकिर्दीतील खंड आणि कमी केलेले कामाचे तास यांच्याशी निगडित होता. गोल्डिन अशा व्यवसायांना 'हावरी कामे' म्हणतात, कारण त्यांत दुप्पट तास देणाऱ्याला दुपटीहून अधिक मोबदला मिळतो आणि रात्री-अपरात्री हाकेला ओ देणाऱ्यालाच बढती मिळते, म्हणजे लहान मुलाच्या आईला जे देता येत नाही नेमके त्याचेच तेथे सर्वाधिक मोल होते. याच्या उलट उदाहरण म्हणून त्यांनी आणि कॅट्झ यांनी अमेरिकेतील औषधविक्रेत्यांचा, म्हणजे प्रशिक्षित फार्मसिस्टांचा व्यवसाय पुढे ठेवला. ग्राहकाची नोंद संगणकावर असल्याने एका फार्मसिस्टाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो, आणि म्हणून कमी तास काम करणाऱ्याला तासामागे कमी वेतन मिळण्याचा दंड तेथे जवळजवळ उरलेला नाही. ज्या व्यवसायात एकाचे काम दुसऱ्याच्या हाती विनासायास सोपवता येते, त्यात परतणे सोपे, हा या अभ्यासाचा फलितार्थ पुनःप्रशिक्षणाचा विषय निवडताना फार उपयोगी पडणारा आहे.

घटीचे दुसरे कारण नोकरी देणाऱ्याच्या मनात असते. शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारख्याच पात्रतेचे काल्पनिक अर्ज अमेरिकन कंपन्यांकडे पाठवले गेले, आणि अर्जदार स्त्री आई असल्याचा संकेत ज्या अर्जांत होता त्यांना इतर स्त्रियांच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यानेच प्रतिसाद आला. कॅथरिन वाइसहार यांनी २०१८ साली केलेली मांडणी याहूनही अस्वस्थ करणारी आहे. नोकरी गेल्यामुळे बेकार असलेली आई आणि मुलांसाठी स्वतःहून घरी थांबलेली आई यांच्या अर्जांत दुसरीला मिळालेला प्रतिसाद पहिलीच्या निम्म्याच्या आसपास होता. खंड दोघींच्या वाट्याला सारखाच, कौशल्याचा घसाराही सारखाच. तरीही घरी थांबण्याची निवड करणाऱ्या स्त्रीच्या कामावरील निष्ठेविषयी नियोक्त्याला शंका वाटते, आणि ही शंका कोणत्याही प्रमाणपत्राने सहजी फिटत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला हात घालणारी एक मोठी संस्था या संशोधनाच्या कितीतरी आधीची आहे. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले, आणि त्याचे आरंभीचे वर्ग रानडे यांच्या वाड्यातच भरत. स्वतः लग्नानंतर शिकलेल्या रमाबाईंना संसारी स्त्रीच्या दिवसाची घडण आतून ठाऊक होती, म्हणून प्रौढ स्त्रियांचे वर्ग सकाळच्या स्वयंपाकानंतर आणि संध्याकाळच्या कामाआधी मिळणाऱ्या दुपारच्या मोकळ्या वेळात ठेवले गेले. सेवासदनाचे मोठेपण लेखन-वाचन, शिवण किंवा प्रथमोपचार शिकवण्यात जितके आहे, त्याहून अधिक या वेळेच्या निवडीत आहे, असे म्हणावेसे वाटते. शाळा ज्या वेळी भरते त्या वेळी विद्यार्थ्याने यावे हा सर्वमान्य नियम उलटवून, विद्यार्थिनी ज्या वेळी मोकळी असते त्या वेळी शाळा भरवण्याचे धाडस त्यात होते. सेवासदनाने शिक्षणाची गाठ प्रत्यक्ष व्यवसायांशीही घातली. प्राथमिक शिक्षिकांचे प्रशिक्षण आणि ससून रुग्णालयातील परिचारिकांचे प्रशिक्षण अशा दोन दिशांनी त्याच्या विद्यार्थिनी बाहेर पडल्या, आणि परिचर्येच्या कामाकडे हलके म्हणून पाहणाऱ्या त्या काळच्या पुण्यात हे घडवून आणण्यासाठी रमाबाईंना घरोघरची मने वळवावी लागली.

हेच सूत्र स्वातंत्र्यानंतर देशपातळीवर आले ते दुर्गाबाई देशमुख यांच्यामुळे. १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष होत्या, आणि खेड्यांतील कल्याण केंद्रांसाठी ग्रामसेविका, बालसेविका, परिचारिका व शिक्षिका हव्यात, परंतु त्या पदांना लागणारे किमान शालेय शिक्षण असलेल्या स्त्रियाच गावांत मिळत नाहीत, ही अडचण मंडळाला जाणवली होती. त्यावर उपाय म्हणून १९५८ पासून प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना सुरू झाली. शाळा अर्धवट सुटलेल्या स्त्रीला कित्येक वर्षांचा शालेय अभ्यास सुमारे दोन वर्षांत पुरा करून शालान्त किंवा त्याआधीच्या परीक्षेला बसवायचे, आणि त्यासाठी स्वयंसेवी संस्थांना अनुदान द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. आठव्या वर्षी विवाह झालेल्या, पुढे तो नाकारून खासगीरीत्या अभ्यास करत शिकलेल्या आणि मद्रासमध्ये आंध्र महिला सभेच्या आरंभी मुलींना बनारसच्या मॅट्रिक परीक्षेची तयारी करून देणाऱ्या दुर्गाबाईंच्या आयुष्याचा ठसा या योजनेवर स्पष्ट आहे. प्रौढ विद्यार्थिनीला बारा वर्षांच्या मुलीच्या गतीने शिकवण्याची गरज नसते, कारण तिचा अनुभव हीच तिची अर्धी तयारी असते, हे तत्त्व या योजनेने व्यवहारात आणले. शिवाय अभ्यासक्रम आखण्यापूर्वीच कोणती पदे रिकामी आहेत हे ठाऊक होते, आणि आजच्या अनेक कौशल्य योजनांत नेमका हाच दुवा निसटलेला दिसतो.

१९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद स्वीकारून घरी बसून पदवी मिळवण्याची सोय मराठी माध्यमात केली, आणि बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रमही ठेवला. लहान गावातील स्त्रीसाठी ही मोठी गोष्ट होती, मात्र पदवी आणि रोजगार यांच्यामधला पूल बांधणे हे दूरशिक्षणाच्या आवाक्याबाहेरच राहिले.

हा पूल बांधण्याचा अलीकडच्या काळातला सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयत्न विज्ञानाच्या क्षेत्रात आढळतो. विवाह, बाळंतपण आणि पतीची बदली यांमुळे संशोधन सोडावे लागलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला वैज्ञानिक योजना सुरू केली आणि तिचे तीन भाग केले. पहिल्या भागात मूलभूत व उपयोजित संशोधनासाठी, तर दुसऱ्यात समाजोपयोगी विज्ञानाच्या प्रकल्पांसाठी पाठ्यवृत्ती मिळे, आणि त्यांसाठी २७ ते ५७ अशी विस्तृत वयोमर्यादा ठेवण्यात आली होती. खंड हा जिथे अपात्रतेचा विषय असे, तिथे खंड हीच पात्रता ठरली. या भागांची उणीव अशी की पाठ्यवृत्ती साधारण तीन वर्षांच्या प्रकल्पापुरती असे आणि तिच्या शेवटी कायम पदाची हमी नव्हती, तर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांत वैज्ञानिकाच्या प्रवेशपातळीच्या पदाला सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षांची आहे. चाळिशीत प्रयोगशाळेत परतलेल्या स्त्रीला प्रकल्प संपताच पुन्हा त्याच दाराशी उभे राहावे लागे.

तिसऱ्या भागाने मात्र वेगळाच मार्ग काढला. विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकलेल्या स्त्रियांना बौद्धिक संपदेचे, विशेषतः पेटंटचे, सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण विद्यावेतनासह द्यायचे असे त्याचे स्वरूप होते. पेटंट म्हणजे नव्या शोधावर शोधकाला ठरावीक मुदतीसाठी, भारतात अर्ज केल्यापासून २० वर्षांसाठी, मिळणारा अनन्य हक्क. तो मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो, त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा लागतो आणि उद्योगात वापरता यावा लागतो. या कसोट्या लावण्यासाठी आधी जगात कोठे असे काही प्रसिद्ध झाले आहे का, हे धुंडाळावे लागते, ज्याला पूर्वज्ञानाचा शोध म्हणतात, आणि मग शोधाचे वर्णन व त्यावरील हक्काचे दावे अत्यंत काटेकोर भाषेत लिहावे लागतात.

हे काम परतणाऱ्या वैज्ञानिकेला इतके का मानवते, हे विचार करण्याजोगे आहे. प्रयोगशाळेतल्या नव्या उपकरणांवर तिचा हात बसलेला नसतो, परंतु पूर्वज्ञानाच्या शोधात दहा-वीस वर्षांपूर्वीचे रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र ठाऊक असणे ही अडचण नसून उपयोगाची गोष्ट आहे, कारण शोधायचे असते ते जुनेच. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र असते, ते संगणकावर करता येते आणि त्याला मुदत असली तरी अमुक वाजता अमुक जागी हजर असण्याचे बंधन नसते. फार्मसिस्टाच्या व्यवसायाप्रमाणेच येथेही काम तुकड्यांत विभागून सोपवता येते. आणखी एक बाब निर्णायक आहे. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १२६ प्रमाणे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असलेला, २१ वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक विहित परीक्षा उत्तीर्ण होऊन पेटंट एजंट म्हणून नोंदणी करू शकतो, आणि त्याला वयाची कमाल मर्यादा नाही. म्हणजे प्रशिक्षणाच्या शेवटी हाती येतो तो स्वतःच्या नावावर व्यवसाय करण्याचा परवाना, ज्यासाठी कोणा नियोक्त्याच्या मनातली शंका फिटण्याची वाट पाहावी लागत नाही. या योजनेतून बाहेर पडलेल्या अनेक स्त्रियांनी ही परीक्षा दिली आणि पेटंटच्या क्षेत्रात स्थिरावल्या. पुण्यातील वैज्ञानिक माहितीविषयक केंद्रातही या प्रशिक्षणाची सोय झाल्याने मराठी प्रदेशातील स्त्रियांना तिचा लाभ घेता आला. पुढे २०१४ साली या साऱ्या योजना 'किरण' या नावाखाली एकत्र आल्या. खासगी क्षेत्रात टाटा समूहाने २००८ साली खंडित कारकिर्दीच्या स्त्रियांसाठी लवचिक तासांचा अल्पमुदतीचा प्रकल्प-कार्यक्रम सुरू केला आणि इतर कंपन्यांनीही तसे उपक्रम काढले. त्यांचा लाभ मात्र मुख्यतः महानगरांतील, इंग्रजीत शिकलेल्या व्यवस्थापन व तंत्रज्ञान पदवीधरांपर्यंत पोहोचला.

कोणत्याही पुनःप्रशिक्षणाला वेळ लागतो, आणि वेळ हीच या स्त्रीकडची सर्वांत दुर्मीळ वस्तू असते. राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार २०१९ साली घरातील विनावेतन काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवत, आणि २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रीची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ, म्हणजे अंतर जवळजवळ जागच्या जागी राहिले. मुलांची व आजाऱ्यांची काळजी घेण्याचा वेळ याहून वेगळा मोजलेला आहे.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देणे बंधनकारक झाले. तथापि कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत रजेच्या वेतनाचा सारा भार नियोक्त्यावरच असल्याने तरुण स्त्रियांना कामावर घेण्यातच हात आखडता घेतला जाण्याचा धोका उरतो. आणि २६ आठवडे संपतात तेव्हा मूल सहा महिन्यांचे असते, तर अंगणवाडीचे शालापूर्व शिक्षण तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलांसाठी आहे आणि तेही दिवसातून काही तासांचेच. मधल्या अडीच वर्षांत मूल कोठे ठेवायचे या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने आजी-आजोबा किंवा शेजारचे खासगी पाळणाघर असे दिले, परंतु नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आलेल्या जोडप्यांना पहिले सहजी लाभत नाही आणि दुसरे खर्चिक असते. बहुतेक राजीनामे याच अडीच वर्षांत लिहिले जात असतील, तर नवल नाही. केवळ पाळणाघरांनीही सारे साधत नाही, हे डेन्मार्कच्या अनुभवावरून कळते. तेथे सार्वजनिक बालसंगोपनाची उत्तम सोय असूनही, हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहिलेली आढळली.

कधी खंड स्त्रीच्या निवडीने येतही नाही. पतीच्या एच-१बी व्हिसामुळे अमेरिकेत गेलेल्या कित्येक मराठी अभियंत्यांना आणि शिक्षिकांना एच-४ या आश्रित व्हिसावर काम करण्याची परवानगीच नव्हती, आणि त्या सक्तीच्या वर्षांतच त्यांची मुले झाली. २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमाने यांपैकी ज्यांच्या पतीची कायम वास्तव्याची प्रक्रिया विशिष्ट टप्प्यावर पोहोचली आहे त्यांना अर्ज करून कामाची परवानगी मिळू लागली, तेव्हा भारतीय पदवीचे मूल्यांकन आणि शिक्षिकांना राज्याचा परवाना यांपासून सुरुवात करावी लागली.

भारतातही प्रमाणपत्राची मुदत आणि वयाची अट हे दोन अडथळे शिकण्याच्या इच्छेपेक्षा बलवत्तर ठरतात. शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षेच वैध असे, म्हणजे परीक्षा उत्तीर्ण होऊन दोन मुले वाढवणाऱ्या स्त्रीचे प्रमाणपत्र मुले शाळेत जाऊ लागण्याच्या सुमारास बाद होई. २०२१ साली ते आजन्म वैध करण्यात आले आणि २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांनाही हा निर्णय लागू झाला. एकही नवा वर्ग न काढता, एका परिपत्रकाने, कितीतरी शिक्षिकांचा परतीचा रस्ता मोकळा झाला. महाराष्ट्रात २०१६ साली राज्यसेवेतील प्रवेशाची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा ३३ वरून ३८ झाली, त्याचाही असाच लाभ झाला असला पाहिजे, जरी तो निर्णय मातांसाठी म्हणून घेतलेला नव्हता.

केंद्र सरकारच्या गट क पदांसाठी विधवा, घटस्फोटित आणि न्यायालयाच्या आदेशाने विभक्त झालेल्या व पुनर्विवाह न केलेल्या स्त्रियांना वयाची सवलत ३५ वर्षांपर्यंत, आणि अनुसूचित जाती-जमातींतील अशा स्त्रियांना ४० वर्षांपर्यंत आहे. स्त्री उशिराने नोकरीकडे वळू शकते हे या नियमाने मान्य केले आहे, मात्र त्यासाठी ग्राह्य मानलेले कारण पतीचा आधार जाणे हे आहे, मूल वाढवणे हे नाही. माजी सैनिकाला अर्ज करताना सैन्यात काढलेली वर्षे आपल्या वयातून वजा करता येतात आणि वर तीन वर्षांची सूट मिळते, कारण ती वर्षे त्याने समाजासाठी दिली असे मानले जाते. त्याच धर्तीवर प्रत्येक मुलामागे काही ठरावीक वर्षे, पहिल्या दोन मुलांपुरती, आईच्या वयातून वजा करण्याची तरतूद भरतीच्या नियमांत करता येईल. मुलाचा जन्मदाखला एवढा एकच पुरावा त्यासाठी पुरेसा आहे, आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीत व महानगरपालिकेत मिळतो.